ऐकीव गोष्ट आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या बीबी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम मागेपुढे पाहिले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून छत्तीस वर्षे लहान मुलांस बाराखडी आणि पाढे शिकविले, एवढीच आमची कमाई. आज या मंडपात आपल्याच समाजाचे डॉक्टर, वकील, इंजिनीअर बसले आहेत. त्यांच्यापुढे आम्ही विद्वत्तेचे काय बोलावे? तथापि एक गोष्ट अशी आहे की, जी विद्वान आणि अडाणी, श्रीमंत आणि गरीब, सारेच दिवसातून दहा वेळा करतात व जिचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. ती गोष्ट म्हणजे चर्चा. आपण रोज एकमेकांशी काय बोलतो, ऐकलेले पुढे कसे सांगतो आणि त्या सांगण्याचा कोणाच्या घरावर काय परिणाम होतो, याविषयी आम्ही आज बोलणार आहोत. यात आमच्या स्वतःच्या एका अपराधाची कबुलीही यावयाची आहे. ती ऐकून घेण्यापुरता आपण धीर धरावा, अशी प्रार्थना आहे.

आमच्या तरुणपणी बीबी हे मेहकर ते सिंदखेड राजा या रस्त्यावरचे एक साधे खेडे होते. वर्तमानपत्र एस.टी.ने येई. ते एकाच्या घरी येई आणि पारावर दहा जणांत वाचले जाई. वाचता येणारा मोठ्याने वाचे व बाकीचे ऐकत. आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओसरीवर माणसे जमत. कापसाचा भाव, पावसाची लक्षणे, कोर्टकचेऱ्या, निवडणुका, नवीन निघालेले पाण्याचे इंजिन, साऱ्या विषयांवर पारावर खल होई. त्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती असे नाही. राईचा पर्वत तेव्हाही होत असे. परंतु त्या चर्चेला एक शिस्त होती. ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण सर्वांस ठाऊक होती. एखाद्याने काही नवल सांगितले की, कोणी तरी वडीलधारा तंबाखू मळता मळता विचारी, "कोण म्हणाला? केव्हाची गोष्ट? तू स्वतः पाहिलेस काय?" या तीन प्रश्नांपुढे निम्म्या वार्ता जागच्या जागी गळून पडत.

याचे एक उदाहरण आम्हांस पक्के स्मरते. १९७९ सालची गोष्ट. अमेरिकेने अंतराळात सोडलेली स्कायलॅब नावाची प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार, अशी बातमी आली आणि खेड्यापाड्यांत एकच घबराट उडाली. आमच्याकडे तर आता जगबुडीच होणार असे समजून कोणी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या. तेव्हा पारावर एका वृद्धाने विचारले, "ती आपल्याच गावावर पडणार असे छापले आहे काय? वाचून दाखव." वाचून पाहिले तो तसे काहीच छापलेले नव्हते. माणसे आपापल्या कामास गेली. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब कोसळली, ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. अंतराळाचे शास्त्र आमच्या त्या वृद्धास ठाऊक नव्हते. पण पुरावा मागावा, एवढे मात्र ठाऊक होते.

आता पार ओस पडला आहे आणि चर्चा खिशात आली आहे. आपल्या मंडळाचाही व्हॉट्सॲपवर एक गट आहे. बीबीपासून पुण्या-मुंबईपर्यंत आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांपर्यंत सारे त्यात आहेत. सकाळी सुविचाराने त्याचा आरंभ होतो. मग सोयाबीनचा भाव येतो, पीकविम्याचे विचारणे येते, कोणता फोन घ्यावा याचा सल्ला येतो, मुलांच्या खेळांविषयी तक्रार येते, कोणा न्यायालयाने काय म्हटले ते येते आणि रात्री राजकारणावर जुंपते. आम्ही या साधनाची निंदा करावयास उभे नाही. २०२१ च्या एप्रिल महिन्यात करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा याच गटामुळे कोणास रक्त मिळाले, कोणास दवाखान्यात खाट मिळाली. कित्येक मुलामुलींची स्थळे येथेच जुळली. विहिरीचे पाणी गढूळ झाले म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही, गाळ काढतो. आम्हांस तेवढेच करावयाचे आहे.

या चर्चेतील मुख्य दोष असा की, पारावरचे ते तीन प्रश्न आता कोणी विचारीत नाही. पारावर बोलणाऱ्याचे तोंड दिसत असे. तो कोणत्या घरचा, त्याच्या शब्दाची किंमत किती, हे ऐकणाऱ्यास माहीत असे. फोनवरचा मजकूर बेवारशी असतो. तो कोठून निघाला हे कळत नाही, पण तो आपल्या भाच्याने किंवा व्याह्याने पाठविलेला असतो, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे शब्द परक्याचा आणि पत आपल्या माणसाची, असा हा उधारीचा व्यवहार आहे.

दूर कशाला जावे? आपल्याच तालुक्यातील लोणारचे उदाहरण घ्या. २०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. आपल्या गटात त्यावर चार दिवस चर्चा चालली. कोणी म्हणे हा कोप आहे, कोणी म्हणे कोणी रसायन टाकले, कोणी म्हणे हे करोनाचेच चिन्ह. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासावयास पाठविले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने परीक्षा करून सांगितले की, पाण्यातील क्षार वाढल्यामुळे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव बळावले व त्यांच्या अंगच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झाले. केवढी सुंदर आणि केवढी साधी गोष्ट! परंतु कोपाची वार्ता ज्या शेकडो लोकांनी पुढे धाडली, त्यांपैकी हे उत्तर पुढे धाडणारे किती निघाले? आम्ही गटात पाहिले, दोनच निघाले.

लोणारच्या पाण्याने कोणाचे नुकसान झाले नाही. पण २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अकस्मात गळू लागले, बायाबापड्यांस थोड्या दिवसांत टक्कल पडले, तेव्हाची गोष्ट निराळी होती. पाण्यात विष आहे, नवा विषाणू आला आहे, स्पर्शाने रोग होतो, अशा वार्तांचा पूर आला. वैद्यकीय पथके येऊन नमुने घेत होती. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून, खाण्यात आलेल्या रेशनच्या गव्हातील सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार वाढल्यामुळे हे घडले, असा निष्कर्ष मांडला. म्हणजे हा स्पर्शाने होणारा रोग नव्हे. परंतु तोवर "त्या गावांशी सध्या सोयरीक नको" असे बोलणे आम्ही आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकले होते. ज्या मुलींचे केस गेले, त्यांचे दुःख काय थोडे होते, की त्यावर आपण हा डाग द्यावा?

बंधूंनो, आता आम्ही आमच्या अपराधाकडे येतो.

२०१८ साली आम्ही नुकतेच सेवानिवृत्त झालो होतो. चिरंजीवांनी हौसेने नवा फोन घेऊन दिला आणि नातवाने तो चालवावयास शिकविले. वेळ पुष्कळ होता. आलेला मजकूर वाचावा आणि चांगला वाटेल तो दहा ठिकाणी पाठवावा, असा आमचा क्रम पडला. जून महिन्याच्या अखेरीस आम्हांस एक मजकूर आला. मुले पळविणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, ती भिकाऱ्यांच्या व फिरत्या विक्रेत्यांच्या वेषात हिंडते, तरी सावध राहावे, असा तो मजकूर होता. सोबत एक भयंकर चित्र होते. आम्ही शिक्षक, मुलांचे नाव निघाल्याबरोबर आमचे काळीज हलले. आम्ही कोणासही विचारले नाही. उलट वर आपल्या हाताने दोन ओळी जोडल्या की, "पालकांनी मुलांस सांभाळावे, विनंती." आणि तो मजकूर आपल्या गटात, माजी विद्यार्थ्यांच्या गटात व आणखी चार ठिकाणी पाठवून दिला. आपण समाजाची सेवा केली, या समाधानात त्या रात्री आम्ही झोपलो.

दोन दिवसांनी जवळच्या एका गावी बाजाराचा दिवस होता. आम्ही भाजीसाठी गेलो असता एका कोपऱ्यात गर्दी दिसली. पुढे होऊन पाहतो तो बिबे, सुया आणि दाभण विकणारी एक बाई मध्ये उभी, तिच्या कडेवर मूल आणि भोवती पन्नास-साठ माणसे. कोणी तिचे गाठोडे उपसत होता, कोणी विचारीत होता की, हे मूल कोणाचे. एकाने तिचा दंड धरला होता. ती रडून सांगत होती की, मूल माझेच आहे. पण ऐकतो कोण? एवढ्यात एक तरुण हातातला फोन उंच धरून म्हणाला, "हे पाहा, गुरुजींनी पाठविले आहे. गुरुजी कधी खोटे पाठवतील काय?"

तो तरुण आमचा विद्यार्थी होता. ते गुरुजी आम्ही होतो.

आमच्या पायांखालची जमीन सरकली. पुढे होऊन "अरे, मला काही माहीत नाही, मी न विचारता पाठविले" असे सांगावयास हवे होते. परंतु आमची जीभ टाळ्यास चिकटली. इतक्यात आपल्या समाजातील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले. ते आता हयात नाहीत. त्यांस सारे आबा म्हणत. त्यांस अक्षरओळख नव्हती व त्यांच्याजवळ फोनही नव्हता. त्यांनी त्या बाईस विचारले, "कोन्या गावची वं माय तू? पाल कुठं टाकलं?" तिने नाल्याकाठची जागा सांगितली. आबांनी दोन पोरांस तिकडे पिटाळले. मग ते गर्दीकडे वळले आणि म्हणाले, "कोनाचं पोट्टं गेलं? ज्याचं गेलं त्यानं समोर यावं."

कोणी समोर आले नाही. पन्नास-साठ माणसे संतापली होती, पण मूल एकाचेही हरवलेले नव्हते. थोड्याच वेळात ती दोन पोरे त्या बाईच्या नवऱ्यास व सासूस घेऊन आली. माणसे पांगली. त्या बाईने गाठोडे बांधले आणि आबांच्या पायांस हात लावला. आम्ही भाजी न घेताच घरी परतलो.

त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी काय घडले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. तोही बाजाराचाच दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे होती. मुले पळविणारी टोळी, या अफवेने तेथील जमाव पेटला होता. त्या पाच जणांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. त्यांच्याजवळ पळविलेले मूल नव्हते. त्यांचा अपराध एवढाच की, ते अनोळखी होते.

ती बातमी वाचताना आमच्या डोळ्यांसमोर त्या बाईचा चेहरा आला. राईनपाड्यात कोणी आबा पुढे आला नाही आणि आमच्या बाजारात आला, एवढाच काय तो फरक. आपल्या समाजाचे स्मरणपुस्तक निघते, आपल्या मुलांच्या गुणांची यादी छापली जाते. त्या पाच जणांसही समाज होता, सोयरेधायरे होते, वाट पाहणारी घरे होती. ज्ञातीचा अभिमान आपण बाळगतो, तर दुसऱ्या ज्ञातीच्या रक्ताचे मोलही आपणांस कळावयास हवे.

या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि २०२० च्या एप्रिलपासून, जो मजकूर फार वेळा फिरून आला असेल तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे केले. यंत्रास जे करता आले ते यंत्राने केले. परंतु मजकुरावर "गुरुजी" ही मोहोर आम्ही उठविली होती. महाभारतात धर्मराजाचे "नरो वा कुंजरो वा" आपण सारे जाणतो. दुसऱ्या कोणी ते शब्द उच्चारले असते तर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले नसते. धर्मराज बोलला म्हणून ठेवले. ज्याच्या शब्दास मान आहे, त्याच्या बेसावध शब्दाने अधिक घात होतो. येथे बसलेले वकील, डॉक्टर, शिक्षक, सरपंच आणि घराघरांतील वडील मंडळी यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात धरावी.

आता कायद्याविषयी थोडे बोलणे अवश्य आहे. कारण आपल्या गटात सर्वांत अधिक चुकीचे बोलणे कायद्याविषयीच होते. एक जण म्हणतो, गटात कोणी काही वावगे टाकले की गटाचा प्रमुख तुरुंगात जातो. दुसरा म्हणतो, फोनवर काहीही लिहा, त्यास कायदाच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले की, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, पूर्वसंकेत किंवा समान हेतू असल्यावाचून, गटप्रमुखास गुन्हेगार धरता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले, हेही खरे. परंतु १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे. लोकांत भीती पसरविण्याच्या किंवा समाजासमाजांत वैर माजविण्याच्या हेतूने खोटी माहिती वा अफवा पसरविणे हा त्या कलमाने गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे बोलण्याचे स्वातंत्र्य आहे आणि बोलण्याची जबाबदारीही आहे.

दुसरा कायदा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी तर पाठच करून ठेवावा. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व तो २०१७ पासून अंमलात आला. एखाद्या माणसास अगर कुटुंबास वाळीत टाकणे हा त्याने गुन्हा ठरविला असून तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हे येथे सांगण्याचे कारण असे की, मागे आपल्यातील एका कुटुंबातील मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला, तेव्हा "या घराशी कोणी व्यवहार ठेवू नये" असे एकाने गटात लिहिले आणि खाली पसंतीचे अंगठे उमटू लागले. सुदैवाने आपल्या चिटणीसांनी वेळीच ते थांबविले. पारावर असे बोलावयास चार माणसांच्या डोळ्यांस डोळा द्यावा लागला असता. फोनवर अंगठा दाबला की झाले. कायद्याच्या भीतीने म्हणून नव्हे, तर ती मुलगीही आपलीच आहे म्हणून असे बोलणे आपल्यात पुन्हा होऊ नये.

खेळांविषयीही असेच. आमच्या लहानपणी विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या हे खेळ होते. आता खेळ फोनवर आले. त्यात सारेच वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण खेळ वेगळा आणि पैसे लावून खेळणे वेगळे. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये यासंबंधी कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. त्या दिवशी आपल्या गटात एकाने लिहिले की, सरकारने मुलांचे सारे खेळ बंद केले. दुसऱ्याने लिहिले की, खेळणाऱ्या मुलांस धरून नेणार. दोघांनीही कायदा वाचला नव्हता. पैसे न लावता खेळण्यास त्यात बंदी नाही आणि खेळणाऱ्यास शिक्षाही नाही. त्याच्याकडे फसलेला माणूस म्हणून पाहिले आहे.

परंतु आम्हांस जास्त बोचले ते निराळेच. आपल्यातील एका मुलाने अशा खेळात बापाचे सोयाबीनचे पैसे घालविले होते. ही गोष्ट गटात आली, ती मुलाच्या नावागावासह. पुढे तीन दिवस त्यावर उपदेश, टोमणे आणि विनोद झाले. त्या घरी जाऊन "पोरा, जेवलास काय?" असे विचारणारे किती निघाले? तो मुलगा कित्येक महिने घराबाहेर पडला नाही. फोनमधील खेळाने त्याचे पैसे नेले, आणि आपल्या चर्चेने त्याचे तोंड दाखवावयाचे धैर्य नेले. या दोहोंत मोठी चोरी कोणती, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढी चौकशी करीत बसलो तर बोलावयाचे केव्हा? त्यावर आमचे उत्तर असे की, पारावरचे ते तीन प्रश्न विचारावयास फार वेळ लागत नाही. "कोण म्हणाला?" हा पहिला. पोलीस असल्याचे सांगून फोनवर "डिजिटल अटक" करणारे भामटे आज निवृत्त माणसांचे आयुष्यभराचे पैसे लुबाडतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे ज्यास ठाऊक आहे आणि जो "तू कोण?" म्हणून विचारतो, तो वाचतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. "केव्हाची गोष्ट?" हा दुसरा. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ चा ५,३२८ रुपये जाहीर झाला. तारखेवाचून फिरणारा भाव शेतकऱ्यास दर क्विंटलला चारशेवर रुपयांनी चकवितो. आणि "तू पाहिलेस काय?" हा तिसरा. आता तर यंत्राच्या साहाय्याने कोणाचाही आवाज व चेहरा हुबेहूब बनविता येतो. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रासही हा प्रश्न विचारावा लागेल.

या सर्वांवरून आम्ही मंडळापुढे काही नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, आपल्या गटात ऐकीव मजकूर पाठविणाराने तो कोठून आला व केव्हाचा आहे हे वर लिहावे. ते माहीत नसेल तर पाठवू नये. दुसरी अशी की, कोणत्याही घराचे नाव घेऊन दोषाची चर्चा गटात करू नये. सांगावयाचे असेल तर वडीलधाऱ्यांनी त्या घरी जाऊन, दार लावून, मायेने सांगावे. तिसरी अशी की, कायदा व आरोग्य यांविषयी शंका आली तर ती आपल्यातील वकिलांस व डॉक्टरांस विचारावी, आणि त्यांनीही थोडा वेळ काढून सोप्या मराठीत उत्तर द्यावे. ज्ञातीने त्यांच्या शिक्षणास हात लावला, त्याची ही गोड परतफेड होईल. आणि चौथी, जी सर्वांत अवघड, ती अशी की, आपल्याकडून खोटी गोष्ट पुढे गेली असे कळले, तर जितक्या ठिकाणी ती पाठविली तितक्या ठिकाणी "माझी चूक झाली" असे लिहावे.

ही चौथी सूचना करण्याचा अधिकार आम्हांस नाही. कारण आम्ही स्वतः ते केले नाही. त्या बाजाराच्या दिवशी घरी येऊन आम्ही तो मजकूर फोनमधून पुसून टाकला आणि गप्प बसलो. गुरुजींचे नाव जाईल, ही भीती. आबा पुढे सहा महिने हयात होते. रस्त्यात भेटत, "कसं काय, गुरुजी?" म्हणून विचारीत. त्यांनी त्या गोष्टीचा एकदाही उच्चार केला नाही. त्यांस ठाऊक होते की नव्हते, हे आम्हांस अखेरपर्यंत कळले नाही. विचारावयाचे धैर्य मात्र झाले नाही. छत्तीस वर्षे मुलांस "खरे बोलावे" हा धडा आम्ही शिकविला; तो गिरवावयास आम्हांसच इतकी वर्षे लागली. ज्यांस आम्ही तो मजकूर पाठविला ते पुष्कळ जण आज या मंडपात आहेत. त्या सर्वांची, आणि जिचे नावही आम्हांस ठाऊक नाही त्या माउलीची, आम्ही आज हात जोडून क्षमा मागतो.

अध्यक्ष महाराज, आपल्या मुलांच्या हाती आम्हांपेक्षा मोठी साधने आहेत व पुढे याहून मोठी येतील. ती आपण अडवू शकणार नाही आणि अडवूही नयेत. परंतु ज्या प्रश्नाने त्या दिवशी एक जीव वाचविला, तो प्रश्न निरक्षर माणसाने विचारलेला होता. तो विचारण्यास मॅट्रिकची गरज नाही, फोनचीही नाही. तेवढा वारसा आपण मुलांस देऊ या.